नाताळच्या सुट्टीत आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बघतील असे सिनेमे सुचवा

ऋतुजा_नेपरविल

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. सासू-सासरे सांगलीहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की दोन आठवडे सगळेच घरात. थंडी अशी की बाबांचं सकाळचं फिरणं गॅरेजच्या दारापर्यंत येऊन थांबतं.

गेल्या शनिवारी मुलांनी हौसेने एक नाताळचा सिनेमा लावला. आजी-आजोबांना मधोमध बसवलं, पांघरुणं दिली, पॉपकॉर्न झालं. दहा मिनिटांत आई मेथी निवडायला आत गेल्या आणि बाबांनी फोनवर सांगलीच्या बातम्या उघडल्या. मला फार वाईट वाटलं. मुलं वर्षभर ह्यांची वाट बघतात हो.

मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. मुलाचा सँटावर पुरता विश्वास आहे, पत्र टाकून झालंय, आणि एखाद्या सिनेमाने तो विश्वास मोडायला नको. आईंना इंग्रजी जुजबी येतं. बाबा इंग्रजी पेपर वाचतात, पण इथले उच्चार त्यांना पकडता येत नाहीत. शिवीगाळ आणि अवघडून टाकणारे प्रसंग नकोत. म्हणून अगदी बाळबोधही नको, मोठ्यांनाही मनापासून आवडायला हवा. असं काही आहे का? स्वतः घरच्यांसोबत बघितलेलंच सांगा, प्लीज. नुसत्या याद्या नेटवर ढिगाने आहेत.

चकली_भाजणी

'होम अलोन' आधी लावा, तुम्ही तर त्या गावचेच! 1990 चा सिनेमा आहे आणि ते घर शिकागोच्या उत्तरेला विनेटकामध्ये आहे. खाजगी घर आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायचं, पण मुलांना गंमत वाटते. आतले बरेचसे प्रसंग जवळच्या एका बंद पडलेल्या हायस्कूलमध्ये सेट लावून घेतले होते, हे कळल्यावर माझी मुलं तो पुन्हा बघायला बसली.

चोरांची फजिती कळायला भाषा लागत नाही. आमची आई तर पोट धरून हसली. सहा वर्षांच्या मुलाला मात्र आधीच बजावून ठेवा, की जिन्यावरून रंगाचे डबे सोडणं, दाराची मूठ तापवणं हे सगळं सिनेमातच. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी जिन्यात गोट्या पसरलेल्या होत्या.

आणि चर्चमधला प्रसंग पळवू नका. गल्लीतली सगळी मुलं ज्या म्हाताऱ्याला घाबरतात, तो नातीचं गाणं ऐकायला एकटाच येऊन बसलेला असतो, कारण मुलाशी बोलणं बंद आहे. तो प्रसंग आजी-आजोबांसाठी आहे.

पतपेढीवाला

ऋतुजाताई, मी तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण मीही त्याच सोफ्यावर बसतो. इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो आणि व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला असतो. नाताळचे सिनेमे इथे येऊनच बघायला लागलो आणि आता डिसेंबरची वाट बघतो.

बाबांनी फोन उघडला तो कंटाळून उघडला असेल असं मला वाटत नाही. 'काय म्हणाला तो?' असं सारखं विचारणं जिवावर येतं. आपल्यामुळे मुलांचा रसभंग होतोय हे दिसतं. मग माणूस गप्प बसतो, आणि एकदा का गोष्टीचं सूत सुटलं की पुढचं सगळं नुसतं हलणारं चित्र. म्हणून सिनेमा कोणता हे ठरवण्याआधी, तो आजी-आजोबांना सांगणार कोण हे ठरवा. माझं मत विचाराल तर ते काम मुलीला द्या. आमच्याकडे रिमोट नातीकडे असतो. नवीन माणूस पडद्यावर आला की ती थांबवते आणि सांगते, "आजोबा, हा ह्याचा चुलता, विसराळू आहे, लक्षात ठेवा." मग पुढे. दोन तासांचा सिनेमा तीन तास चालतो. चालू दे, कुणाला गाडी पकडायची आहे? खाली इंग्रजी अक्षरंही लावा. तुमचे बाबा पेपर वाचतात म्हणजे अक्षरं त्यांना पुरतील, आईंना नात पुरेल.

आता सिनेमा. मला एकच निवडायला सांगितला तर 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. 1946 चा, फ्रँक काप्राचा, जेम्स स्टुअर्ट नायक. कृष्णधवल आहे. त्याची रंगवलेली प्रतही मिळते, पण मूळचीच बघा. आपल्या पिढीला कृष्णधवलचं वावडं नाही आणि मुलंही दहा मिनिटांत विसरतात.

हा सिनेमा नाताळचा म्हणून ओळखला जात असला तरी तो एका पतसंस्थेचा आहे, असं मी छातीठोकपणे सांगतो. बेडफर्ड फॉल्स नावाचं लहान गाव. जॉर्ज बेलीच्या वडिलांनी काढलेली संस्था सामान्य माणसांना घरबांधणीसाठी कर्ज देते. गावातला धनाढ्य पॉटर ती गिळायला टपलेला. जॉर्जला जग फिरायचं असतं, पण दर वेळी संस्थेचं काहीतरी निघतं आणि तो गावातच राहतो.

लग्न होतं त्या दिवशीचा प्रसंग बघा. नवराबायको टॅक्सीत बसून मधुचंद्राला निघालेत, पाऊस पडतोय, आणि संस्थेच्या दारात ठेवीदारांची गर्दी. बँकेने कर्ज एकदम परत मागितलेलं, तिजोरी रिकामी. पॉटर निरोप पाठवतो की डॉलरला पन्नास सेंट देतो, शेअर माझ्याकडे आणा. जॉर्ज काउंटरमागे उभा राहून लोकांना सांगतो, की तुमचे पैसे इथे तिजोरीत नसतात, ते शेजारच्या जोच्या घरात आहेत, अमक्याच्या घरात आहेत. अहो, हेच वाक्य आम्ही किती जणांना किती वेळा समजावलं आहे! कुठल्या तरी लांबच्या संस्थेची अफवा उठायची आणि आमच्या काउंटरवर माणसं पासबुक घेऊन उभी राहायची. घाबरलेल्या ठेवीदाराचा चेहरा कसा असतो ते मला माहीत आहे, आणि त्या दिग्दर्शकालाही नक्की माहीत होतं.

एक जण हट्टाने खात्यातले सगळे 242 डॉलर मागतो. तेवढ्यात नवी नवरी मधुचंद्राचे 2000 डॉलर वर धरून दाखवते. मग जॉर्ज एकेकाला विचारतो, सध्या भागवायला किती लागतील? कुणी वीस म्हणतं. एक बाई हळूच साडेसतरा डॉलर मागते. तिथे मला दर वेळी भरून येतं. ती बाई मनातल्या मनात हिशेब करून, संस्थेला जड जाऊ नये म्हणून, अर्ध्या डॉलरपर्यंत कमी करून मागते. माझ्या काउंटरवरही अशी माणसं आली आहेत. संध्याकाळी सहाला दार बंद होतं तेव्हा दोन डॉलर शिल्लक राहतात आणि ते दोन डॉलर घेऊन सगळे नाचतात. नातीने विचारलं, "आजोबा, दोनच डॉलर राहिले तर नाचतात कशाला?" मी अर्धा तास सिनेमा थांबवून तिला संस्था बुडणं म्हणजे काय ते सांगितलं. तिने ऐकलं हो, सगळं ऐकलं.

पुढे नाताळच्या आदल्या दिवशी विसराळू चुलत्याच्या हातून 8000 डॉलर हरवतात आणि जॉर्ज पुलावर जीव द्यायला जातो. हे अकराच्या मुलीला आधी सांगून ठेवा, सहाच्या मुलाला इतक्यात दाखवू नका. सुरुवातीला लहानग्या जॉर्जच्या कानावर औषधवाला मारतो तोही प्रसंग लहान मुलांना त्रास देणारा आहे. त्याचा मुलगा गेल्याची तार आलेली असते आणि दुःखाच्या भरात त्याच्या हातून औषधाऐवजी विष भरलं जातं. जॉर्ज ते पोहोचवत नाही म्हणून मार खातो. मुलीला हे समजावून सांगितलं तर ती औषधवाल्यावर रागावणार नाही. पॉटरला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही, यावरून मात्र आमच्या घरी हिने जो राग काढला तो जेवणं होईपर्यंत शमला नव्हता.

मुलीला आणखी एक सांगा, ती खूश होईल. यातला बर्फ खोटा आहे. चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात झालं. त्याआधी सिनेमात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकत. त्यावर चाललं की कुरकुर आवाज व्हायचा आणि संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागायचे. इथे आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून ते पंख्याने उडवलं, आणि त्या तंत्रासाठी स्टुडिओला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

आणि हा सिनेमा घरोघरी पोहोचला कसा? प्रदर्शित झाला तेव्हा फारसा चालला नव्हता. 1974 मध्ये हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, तशा टीव्ही केंद्रांनी तो दर डिसेंबरला फुकटात दाखवायला सुरुवात केली. एक अर्ज वेळेत गेला असता तर कदाचित आज आपण त्यावर बोलत नसतो.

ऋतुजा_नेपरविल

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते सांगलीत एका सहकारी संस्थेचे संचालक होते! "हा लाव, आजच लाव," म्हणाले. धाकटा झोपल्यावर लावते.

पण मग धाकट्यासाठी काय? त्याला आणि आईंना एकत्र बसवेल असं?

पतपेढीवाला

त्याला 'द स्नोमॅन'. ब्रिटिश आहे, 1982 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या चॅनेल फोरवर पहिल्यांदा दाखवला. जेमतेम सव्वीस मिनिटांचा, आणि त्यात संवाद एकही नाही. मधे एक गाणं, बाकी सगळं वाद्यसंगीत. आईंना कुणी काही समजावून सांगायला नको, उलट त्याच तुमच्या मुलाला सांगतील. रंगीत खडूने काढल्यासारखी चित्रं आहेत, रेषा सारख्या थरथरतात. बर्फाचा माणूस रात्री जिवंत होतो, घरात येतो, आईबापाचे कपडे घालून बघतो, मग मुलाला घेऊन उडतो.

सकाळी तो वितळलेला असतो. मुलगा रडेल. रडू द्या, आजीच्या मांडीवर असेल तर बिघडत नाही. आमचा नातू रडला आणि मग हिला म्हणाला, "आपण उद्या अजून एक करू." अंगणात केला, त्याला हिने स्वतःची मफलर दिली.

'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' मात्र धाकट्यासमोर इतक्यात लावू नका. सिनेमा फार गोड आहे, 1947 चा, पण त्यातल्या आईने मुलीला सँटा वगैरे काही नसतो असं शिकवलेलं असतं आणि पुढे कोर्टात त्यावरच खटला चालतो. तुमचं पत्र टाकून झालंय, कशाला विषाची परीक्षा? मुलगी आणि आजोबा मिळून जरूर बघा. 1994 ला तो पुन्हा केला, त्यात सँटाच्या भूमिकेत रिचर्ड ॲटनबरो आहेत, आपल्या 'गांधी'चे दिग्दर्शक. 'शतरंज के खिलाडी'मध्ये जनरल औटरम झाले होते तेच. बाबांना एवढं सांगितलंत तर ते सरसावून बसतील.

लाइपझिगची_मेघना

इथे जर्मनीत एक वेगळीच प्रथा आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर लागला की टीव्हीवर पुन्हा पुन्हा एक सिंड्रेला लागते, 'सिंड्रेलासाठी तीन हेझलनट' अशा अर्थाच्या नावाची. 1973 मध्ये चेकोस्लोव्हाकिया आणि तेव्हाच्या पूर्व जर्मनीने मिळून केलेली. यात सँटा नाही, नाताळचं झाड नाही, फक्त बर्फाळ जंगल आणि किल्ला. तरी नाताळ म्हटलं की इथल्या लोकांना हीच आठवते. नॉर्वेमध्येही 24 डिसेंबरला सकाळी लागते, आणि तिथे सगळ्या पात्रांना, अगदी नायिकेलासुद्धा, एकाच पुरुषाचा आवाज आहे. मूळ आवाज मागे ऐकू येत राहतो. इतक्या वर्षांत लोकांनी तो बदलू दिलेला नाही.

मला ती आवडते नायिकेमुळे. ही सिंड्रेला घोडा दौडवते, शिकाऱ्याच्या वेशात राजपुत्रापेक्षा चांगला नेम मारते, झाडावर चढते. बूट हरवून रडत बसणारी पोर नाही. राजपुत्राने मागणी घातली तरी आधी त्याला कोडं घालते. गालाला राख आहे पण धुराडं साफ करणारा नाही, टोपीला पीस आणि खांद्याला धनुष्य आहे पण शिकारी नाही, अंगावर चंदेरी झगा आहे पण राजकन्या नाही, तर कोण? माझ्या आईने हे ऐकलं आणि लगेच लेकीला आपली मराठी कोडी घालायला लागली. सिनेमा बाजूला राहिला, दोघींचं तासभर तेच.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्याने भाषा अडत नाही. इथून ड्रेस्डेनजवळचा मोरित्सबुर्ग किल्ला गाडीने फार लांब नाही. तिथेच काही भाग चित्रित झाला, आणि हिवाळ्यात तिथे या सिनेमाचं प्रदर्शन भरतं. आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बाहेरच्या पायऱ्यांवर नायिकेचा बूट ठेवलेला आहे आणि तिथे फोटोसाठी रांग असते. बाबांना चित्रीकरणाची गोष्ट आवडली. बर्फ कमी पडला म्हणून माशांच्या भुकटीचा खोटा बर्फ पसरला होता आणि त्याचा वास सगळ्यांनी सोसला. बाबा रत्नागिरीचे. म्हणाले, आपल्याकडे केला असता तर कुणाला वासच आला नसता.

वसईची_मिनी

सगळे प्रतिसाद आवडले. एक गोष्ट राहिली म्हणून लिहिते. आमच्या घरी नाताळ हा देवघरातला सण आहे, त्यामुळे मी जरा वेगळं सुचवते.

लहानपणापासून नाताळ म्हणजे गोठा, येशूच्या जन्माचा देखावा. डिसेंबर लागला की भाताचा पेंढा आणायचा, ओलं गवत उगवायला ठेवायचं, मेंढपाळ, उंट, तीन राजे खोक्यातून काढून पुसायचे. बाळ येशू मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, ठेवायचा नाही, गव्हाणी रिकामी. कुलकुल, म्हणजे नाताळचा गोड फराळ, तळताना आई सगळी गोष्ट सांगायची. आता माझी मुलं शाळेतून फक्त सँटा आणि भेटी घेऊन येतात, म्हणून आम्ही दरवर्षी 'द नेटिव्हिटी स्टोरी' लावतो. 2006 चा आहे, पहिला खेळ व्हॅटिकनमध्ये झाला होता. मला त्यातला योसेफ, येशूच्या आईचा म्हणजे मरियेचा नवरा, आवडतो. नाझरेथहून बेथलेहेमपर्यंतची वाट, दमलेली मरिया, आणि पोटाला कमी खाऊन गाढवाला घास देणारा तो. सगळं हळू चालतं. सुरुवातीलाच हेरोद राजाचे सैनिक लहान बाळांना मारायला निघतात तो भाग आहे, रक्त फारसं दाखवत नाहीत तरी सहा वर्षांच्या मुलाला मी दाखवणार नाही. त्याच्यासाठी 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' पुरेसा आहे, 1965 चा, पंचवीस मिनिटांचा.

त्यातला चार्ली ब्राउन सगळ्यांना विचारत फिरतो की नाताळ म्हणजे नक्की काय. कुणालाच सांगता येत नाही. मग त्याचा मित्र लायनस, ज्याच्या हातातून पांघरूण कधी सुटत नाही, रंगमंचाच्या मधोमध जाऊन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या ओळी म्हणतो. आवाज खऱ्या मुलांचे आहेत, मागून हशा भरलेला नाही, संगीत जॅझ. वाहिनीच्या लोकांना हे चालेल असं वाटत नव्हतं, पण दाखवला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. "भिऊ नका" हे देवदूताचे शब्द म्हणताना लायनसच्या हातून पांघरूण खाली पडतं, ते तुमच्या मुलाला दिसतं का बघा. माझ्या मुलीने मला दाखवलं होतं. मी इतकी वर्षं बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ताई, तुमचं घर ख्रिस्ती नाही हे कळतंय, आणि तरी मी सुचवतेय. तुमच्या सासूबाईंना बाळाच्या जन्माची गोष्ट परकी वाटणार नाही. त्यांनी जन्माष्टमीला पाळणा हलवलाच असेल.

ऋतुजा_नेपरविल

मिनी, अगदी मनापासून आभार. आईंना वाचून दाखवलं. गोठ्यात गाढव का असतं, ओलं गवत कशाला उगवतात, असे पाच-सहा प्रश्न त्यांनी विचारलेत, उत्तरं दे. आमच्या गल्लीत एका घरासमोर मोठा गोठा मांडलाय, तिथे धाकट्याला घेऊन जायचं म्हणतात.

काका, काल 'इट्स अ वंडरफुल लाइफ' बघितला. मुलगी सांगत होती आणि बाबा तिला दुरुस्त करत होते, इंग्रजी अक्षरं वाचून! ठेवीदारांच्या प्रसंगाला तुमच्यासारखाच सिनेमा थांबला. बाबांनी तिला कागदावर ठेवी एका बाजूला, कर्जं दुसऱ्या बाजूला असा ताळेबंद काढून दाखवला. शेवट बघायचा राहिलाय, साडेअकरा वाजले होते. आज रात्री उरलेला बघणार, पॉटरचं काय होतं ते कृपा करून कुणी आईंना आधी सांगू नका.

मपेट वाल्या 'ख्रिसमस कॅरल'बद्दल कुणाला माहिती आहे का? धाकटा भुतांना घाबरेल का?

चकली_भाजणी

1992 चा तो? मायकल केनवाला? मपेट बाहुल्यांमध्ये तो इतक्या गंभीरपणे कंजूष म्हाताऱ्याचं काम करतो की त्याच्यासमोर बेडकाची बाहुली उभी आहे हे आपण विसरतो. त्याला भेटायला येणाऱ्या तीन भुतांपैकी पहिली दोन गोड आहेत, दुसरं तर चांगलं हसरं आहे. तिसरं, काळ्या झग्यातलं, बोलत नाही, चेहराही नाही. तिथे गोष्ट सांगणारे दोघं मपेटच घाबरून पळतात आणि शेवटी भेटू म्हणतात. आम्ही मुलाला सांगितलं, तुलाही त्यांच्याबरोबर जायचं असेल तर जा. तो स्वयंपाकघरात आजीकडे जाऊन बसला आणि गाणं ऐकू आल्यावर परत आला. दिवे चालू ठेवून बघा, दुपारी बघितलात तर उत्तमच.